भागिले अठरा

मी तासमीटर बोलतोय. दगडाच्या खाणीतल्या एका डंपरमध्ये, ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोर माझी जागा होती. आता मी तिथे नाही. माझी काच फुटलेली आहे आणि आकडे जागच्या जागी गोठले आहेत. पण माझ्यापायी एका माणसाचा जीव गेला, दुसऱ्याच्या बरगड्या मोडल्या, तिसऱ्याची बोटं चेचली गेली. एवढं झाल्यावर गप्प बसणं मला शोभत नाही.

आधी माझं काम सांगतो, कारण ते भल्याभल्यांना ठाऊक नसतं. इंजिन सुरू झालं की मी सुरू, इंजिन बंद की मी बंद. गाडी धावते आहे की उभी आहे, याच्याशी मला देणंघेणं नाही. ते बघायला माझ्या शेजारी किलोमीटर मोजणारा बसला होता. तो चाकाचा ताबेदार. चाक फिरलं तर बोलायचा, नाहीतर मूग गिळून गप्प. आम्ही वर्षानुवर्षं मांडीला मांडी लावून बसलो, पण आमचं कधी जमलं नाही. मी म्हणायचो, "तुला गाडीचं अर्धं आयुष्य दिसतच नाही." तो म्हणायचा, "आणि तू बसल्या जागी तिचं वय वाढवतोस." दोघांचंही खरं होतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. एका बाईने माझ्यावर काच दाबून बसवली, कानाशी धरून हलवलं आणि पुढे सरकवलं. पुढची बाई, पुढचा हात, खोका. डोळे उघडले ते थेट डंपरमध्ये.

आमची खाण म्हणजे अर्धा खाऊन टाकलेला डोंगर. वर सुरुंग लावून दगड फोडायचे, लोडरने ते डंपरमध्ये टाकायचे, आणि भरलेला डंपर उतारावरून खाली, दगडाची खडी करणाऱ्या क्रशरपाशी न्यायचा. वरून पडणारा प्रत्येक दगड गाडीच्या पाठीत लाथ घातल्यासारखा आदळायचा आणि मी माझ्या स्क्रूंसकट उडायचो. मग तीस टन ओझं घेऊन उतार. खाली रांग, क्रशरच्या जबड्यात दगड रिचवणं, आणि पुन्हा वर.

आमच्या इंजिनाच्या तोंडाशी एक रबरी पट्टा होता. दोन बोटांएवढा रुंद, पण त्याच्यावर दोन जीव लटकलेले. एक, ब्रेकला हवा भरणारा पंप. दुसरा, स्टिअरिंग हलकं करणारा पंप. इंजिन चालू असेतो पट्टा फिरत राहायचा, गाडी उभी असली तरी. म्हणून त्याचं आयुष्य किलोमीटरात मोजत नाहीत, तासांत मोजतात. हजार तास झाले की तो बदलायचा. वेळ झाली हे सांगणारा मी.

माझं ऐकणारा एकच माणूस होता, खाणीचा मिस्त्री. चाळिशीचा, हडकुळा, अंगाला कायम डिझेलचा वास. सकाळी केबिनमध्ये चढला की शर्टाच्या बाहीने माझी काच पुसायचा, आकडा वाचायचा, मग इंजिनला कान लावायचा. पट्टा बदलला की त्या दिवशीचा माझा आकडा आणि शेजाऱ्याचा आकडा केबिनच्या दाराला आतून पांढऱ्या रंगाने लिहून ठेवायचा. "कागद उडतो, दार उडत नाही," म्हणायचा.

गाडी रात्रंदिवस दोन पाळ्यांत चालायची. दिवसपाळीचा ड्रायव्हर होता पैलवान. कुस्ती त्याने कधी खेळली नव्हती. नुसत्या आकारावरून नाव पडलं होतं. रागावला की समोरच्या फळीवर बुक्क्या मारायचा. कितीतरी बुक्क्या मी खाल्ल्या आहेत. आणि या पैलवानाची बायको म्हणजे मिस्त्रीची धाकटी बहीण.

एके दिवशी पैलवानाने घरी तिचं मनगट पिरगाळून मोडलं. ती नेसत्या साडीनिशी भावाच्या खोलीवर निघून आली. मिस्त्री जाब विचारायला गेला आणि पुढचा एक दात तिथेच ठेवून आला. दुसऱ्या दिवसापासून दोघं एकाच गाडीवर, पण एकमेकांशी अक्षर बोलत नव्हते. गाडीत काही बिघडलं की पैलवान हॉर्न वाजवायचा. एकदा म्हणजे "टायर बघ", दोनदा म्हणजे "इंजिन बघ". लोक हसायचे. म्हणायचे, मेहुण्या-मेहुण्यांनी नवी भाषा काढली.

माझे सहा हजार तास भरले तेव्हा मिस्त्रीने डंपर उभा केला. जुना पट्टा काढला, हवेचा पंप उघडला, सगळं धुऊनपुसून नवा पट्टा चढवला. दोन दिवस गेले. तिकडे मोठ्या रस्त्याचं काम चालू होतं आणि खडी कमी पडत होती. मालक खाणीवर कधी यायचा नाही, फोनवरून शिव्या द्यायचा. त्या शिव्या मुकादमाच्या कानात जायच्या आणि तिथून खाली वाहायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादम केबिनमध्ये चढला. मागोमाग मिस्त्री.

"दर वेळी हाच सांगतो ना तुला गाडी उभी कर म्हणून?" मुकादमाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"तो फक्त तास सांगतो, मुकादम. उभी करतो मी."

"मग त्यालाच विचारतो."

त्याने मिस्त्रीच्या पेटीतला हातोडा उचलला. पहिल्या घावाला काच माझ्या तोंडात घुसली. दुसऱ्याला माझ्या आतली चाकं खिळली. तिसरा घाव नुसता रागाचा होता, त्याची गरज नव्हती.

"आता बोल," मुकादम धापा टाकत म्हणाला, "किती तास झाले?"

मुकादम उतरल्यावर मिस्त्रीने मागचे आकडे पुसून दारावर लिहिलं: तास ६०००, किलोमीटर ४१३००. शेजाऱ्याची तार मध्यंतरी बरेच महिने तुटलेली होती, म्हणून त्याचा एकूण आकडा माझ्याशी ताडून बघण्यात अर्थ नव्हता. मग माझ्या तोंडातल्या काचा एकेक करून चिमटीने काढल्या.

आता गाडीचे तास कसे काढायचे? देखभालीच्या कागदावर दर आठवड्याला आकडा तर लिहावा लागायचा. मुकादमाने युक्ती काढली.

"किलोमीटर आहेत ना? त्यांना अठराने भाग. डंपर ताशी अठराने पळतो. मी स्वतः मागे मोटरसायकल लावून बघितलंय."

"पळतो तेव्हा अठरा. पण पळतो किती वेळ?" मिस्त्री म्हणाला. "भरताना उभा, रांगेत उभा, रिकामा होताना उभा. इंजिन चालूच असतं."

"उभ्या गाडीचं काय झिजतं रे?"

"पट्टा."

"भागिले अठरा," मुकादम म्हणाला. "विषय संपला."

विषय संपला नव्हता. पुढच्या आठवड्यात मिस्त्री मनगटी घड्याळ आणि पेन्सिल घेऊन पैलवानाच्या शेजारी येऊन बसला. पूर्ण पाळी, नऊ तास. पैलवानाने त्याच्याकडे एकदा बघितलं, दार आपटलं आणि गिअर टाकला. नऊ तासांत दोघांच्या तोंडून शब्द निघाला नाही. फक्त एकदा, डबा खाताना, पैलवानाने आपली पाण्याची बाटली मधल्या जागेत सरकवली. मिस्त्रीने ती उचलली नाही.

त्याने मिनिट न् मिनिट टिपलं. एका फेरीत तीन किलोमीटर आणि वर दोनशे मीटर. चाक फिरायचं ते दहा-अकरा मिनिटं. तेरा मिनिटं इंजिन उभ्या जागी धडधडायचं. म्हणजे फेरी चोवीस मिनिटांची, तासाला अडीच फेऱ्या, आठ किलोमीटर. अठरा नव्हे, आठ! माझा फुटका जीव त्या दिवशी पहिल्यांदा सुखावला. शेजाऱ्याच्या तोंडून माझीच भाषा वदवून घेतली होती त्याने.

मिस्त्रीने तो कागद मुकादमापुढे धरला तेव्हा क्रशरपाशी दहा-बारा माणसं उभी होती. मुकादमाने कागद वाचला, घडी केली आणि त्याच हाताने मिस्त्रीच्या कानफटात भडकावली. मिस्त्रीची टोपी चिखलात पडली.

"मास्तर व्हायचं होतं तर शाळेत जायचं होतं," मुकादम म्हणाला. "इथे अठरा."

मिस्त्रीने सही केली. अठराने.

पण तो गप्प बसला नाही, हेही सांगायला हवं. शेजाऱ्याचा आकडा दारावरच्या आकड्याच्या आठ हजार किलोमीटर पुढे गेला तेव्हा त्याने गाडीची किल्ली खिशात टाकली आणि खाली उतरून उभा राहिला. "हजार तास झाले. पट्टा बदलल्याशिवाय गाडी हलणार नाही." मुकादमाची तीन माणसं आली. मी वरून बघत होतो. पहिल्यांदा त्यांनी त्याला ढकललं, मग खाली पाडलं, मग बुटांनी. एकजण त्याच्या पाठीवर गुडघा टेकून बसला आणि दुसऱ्याने खिसा फाडून किल्ली काढली. पैलवान किल्लीची वाट बघत केबिनच्या पायरीवर उभा होता. तो उतरला नाही. किल्ली हातात आली आणि त्याने इंजिन सुरू केलं.

त्यानंतर मिस्त्री दर आठवड्याला निमूट सही करत गेला. काच नसलेल्या माझ्या तोंडाकडे बघणंही त्याने सोडलं. अधूनमधून इंजिनाच्या तोंडाशी वाकून पट्ट्यावर बोट फिरवायचा, हाताला लागलेला काळा भुगा बघायचा, आणि पॅंटला पुसून निघून जायचा.

आता त्या दुपारचं सांगतो.

उताराच्या पायथ्याशी तोलकाट्याची पत्र्याची खोली होती. तिथे बसायचे तोलकाका. साठीला आलेले, कानाने जरा कमी. प्रत्येक ड्रायव्हरला नावाने हाक मारायचे आणि प्रत्येकाला चुकीच्या नावाने. कुणी चूक सुधारली तर म्हणायचे, "तुझ्या आईने मला विचारून नाव ठेवलं असतं, तर हेच ठेवलं असतं." खाणीत सगळ्यांनी ज्याच्यावर जीव टाकावा असा तो एकच माणूस होता. आम्ही भरून निघालो तेव्हा ते खिडकीशी बसून डबा खात होते. वरून त्यांचं टक्कल दिसत होतं.

अर्ध्या उतारावर इंजिनाच्या तोंडाशी चाबूक कडाडावा तसा आवाज झाला. पट्टा तुटला होता. त्याचं टोक आतल्या पत्र्यावर फटाफट आपटत राहिलं आणि मग थांबलं.

पैलवानाने ब्रेक दाबला. लागला. पुन्हा दाबला. कमी लागला. हवा संपत आल्याचा भोंगा कर्कश वाजू लागला. त्याने हँडब्रेक ओढला, जळक्या वासाने केबिन भरली, पण तीस टन दगड पाठीवर घेतलेली गाडी काही ऐकेना. उजवीकडे डोंगराची भिंत होती. तिच्यावर गाडी घासावी म्हणून त्याने दोन्ही हातांनी आणि नंतर छातीने स्टिअरिंग रेटलं. ते दगड झालं होतं. त्याच्या मानेच्या शिरा माझ्यापासून वीतभर अंतरावर ताठल्या होत्या. हॉर्नवर हाताची मूठ दाबून तो ओरडत होता, "काका! अहो काका! बाहेर!"

तोलकाकांनी मान वर केली. हातात घास होता. त्यांनी ओळखीचा हात वर केला.

पत्रा कागदासारखा चुरगळला. मी तेवढं बघितलं. पुढचं सांगत नाही.

गाडी थांबली ती खोलीच्या पलीकडे, दगडांच्या ढिगात. पैलवान काचेतून बाहेर फेकला गेला होता. तो रांगत मागे, त्या पत्र्यांकडे जायला लागला. तेवढ्यात मुकादम धावत आला. त्याने एक नजर गाडीखाली टाकली, लोंबणारा पट्टा बघितला, आणि सगळ्यांत आधी ओरडला, "पिऊन होता! हरामखोर पिऊन होता! काकांना मारलं!"

लोकांना तेवढंच हवं होतं. पैलवान कसा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बायकोचं मनगट मोडणारा माणूस, त्याच्याबद्दल कुणी दुसऱ्यांदा विचार करतो? फावडी आली, पहारी आल्या. कालपर्यंत त्याच्याबरोबर डबा खाणारी माणसं त्याच्यावर तुटून पडली. फावड्याचा सपाट आवाज आणि पहारीचा बसका आवाज वेगळा असतो, हे मी त्या दिवशी शिकलो. तो ओरडत होता, "पट्टा तुटला! पट्टा..." मग नुसतंच "आई गं."

मिस्त्री पाच पावलांवर उभा होता. त्याने हात उचलला नाही. तोंडही उघडलं नाही. पट्टा तुटला आहे हे त्या गर्दीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

पैलवानाला इस्पितळात नेलं, दाराशी पोलीस बसला. संध्याकाळी मुकादमाने मिस्त्रीला बोलावून एक नवा तासमीटर हातात दिला. त्यावर आकडा आधीच फिरवून ठेवलेला होता: ६८००.

"दारावरचे तुझे आकडे राहू देत, ते आपल्याच कामाचे आहेत," मुकादम थंडपणे म्हणाला. "तेव्हापासून किलोमीटर झाले चौदा हजार चारशे. भागिले अठरा. बरोबर आठशे तास. हजार तासांचा पट्टा आठशेवर आपोआप तुटत नाही. धडक बसली म्हणून तुटला. कळलं? फुटका मीटर क्रशरमध्ये टाक."

मिस्त्रीने मला सोडवलं, नव्याला माझ्या जागी बसवलं. क्रशरच्या जबड्यापाशी तो गेला. मी त्याच्या तळहातावर होतो, खाली दगडांचं पीठ होत होतं. त्याने मूठ पुढे केली, तशीच मागे घेतली, आणि मला खिशात टाकलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दोन खाटा, एक स्टोव्ह, दोरीवर वाळणारा बहिणीचा कामाचा झगा. ती इस्पितळात आया होती. ज्या वॉर्डात पैलवानाला ठेवलं होतं, तिथेच तिची पाळी. तिसऱ्या दिवशी आली, चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच म्हणाली,

"दादा, त्यांच्या रक्तात दारूचा थेंब नव्हता. डॉक्टरांनी लिहिलंय."

"मग झोपला असेल."

"ते म्हणतात पट्टा तुटला."

मिस्त्री स्टोव्हला पंप मारत राहिला.

"दादा, मी तुझ्याशी बोलतेय. तुटला का?"

"तुला काय करायचंय?" तो एकदम उसळला. "सात-आठ वर्षं आत जाईल. तुझी सुटका होईल. कोण रडणार आहे त्याच्यासाठी? तू?"

"मी नाही रडणार." तिने आपलं वाकडं जुळलेलं मनगट त्याच्यापुढे धरलं. "हे त्यांनी केलं. याची शिक्षा मिळाली तर मी पेढे वाटेन. पण काकांना त्यांनी मारलं नसेल, तर ते दुसऱ्या कुणीतरी मारलं. तो मोकळा फिरतोय."

मग मिस्त्रीने खिशातून मला काढलं आणि खाटेवर ठेवलं.

"दोघांनी मारलं," तो म्हणाला. "एकाने मीटर फोडला. दुसऱ्याने सह्या केल्या."

समजल्यावर ती त्याच्याशेजारी बसली. धीर दिला नाही, दोषही दिला नाही. म्हणाली, "मग उद्या अपघाताच्या चौकशीला सरकारी बाई येणार आहेत, त्यांना हेच सांग."

ते सांगायच्या आत मुकादमाने त्याला गाठलं. सकाळी वर्कशॉपमध्ये, कुणी यायच्या आधी.

"क्रशरवाला म्हणतो, तू त्या दिवशी काही टाकलंच नाहीस. मीटर कुठंय?"

"टाकला."

वर्कशॉपच्या टेबलाला एक व्हाइस होता, लोखंड घट्ट धरून ठेवणारा जबडा. मुकादमाच्या दोन माणसांनी मिस्त्रीचा उजवा हात त्यात घातला. मुकादमाने दांडा फिरवला.

"कुठंय?"

"क्रशरमध्ये."

आणखी अर्धा वळसा. मी त्याच्या पॅंटच्या डाव्या खिशात होतो. त्याचं सगळं अंग थरथरत होतं आणि मी त्याच्या मांडीवर थडथड आपटत होतो. एक हाड मोडलं. बारीक काडी मोडावी तेवढाच आवाज.

"शेवटचं विचारतो."

"टाकला... टाकला म्हणतोय ना! माझ्या मेलेल्या आईशप्पथ टाकला!"

दुसरं हाड. मिस्त्री गुडघ्यांवर आला, हात वरच अडकलेला. मुकादमाला खात्री पटली. एवढं सोसून कुणी खोटं बोलतं का? त्याने दांडा उलटा फिरवला.

चौकशीच्या बाई दहा वाजता आल्या. धुळीचे बूट, डोक्याला हेल्मेट, जवळ पातळशी फाईल. पैलवान पोलिसाच्या आधाराने एका खुर्चीत बसवलेला होता, छातीला पट्ट्या बांधलेल्या. मुकादमाने सगळं सफाईने सांगितलं. मीटर बिघडला होता म्हणून बदलला, तास किलोमीटरवरून काढले, दारावरचे आकडे बघा, भागिले अठरा, आठशे.

"हे अठरा ठरवले कुणी?" बाईंनी विचारलं.

"सरळ आहे ना, मॅडम. गाडी तेवढ्याने पळते."

मिस्त्री पुढे आला. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला, रक्त बाहेर आलेलं. डाव्या हाताने त्याने मला बाईंच्या फाईलवर ठेवलं. मुकादमाचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही.

"हा खरा मीटर. हातोड्याने फोडलाय. आणि अठरा खोटे आहेत, मॅडम. आठ खरे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. अशाच दुसऱ्या डंपरमध्ये बसा आणि तासभर घड्याळ लावा."

बाई बसल्या. मला त्यांनी मांडीवर फाईलवरच ठेवलं होतं. मुकादम काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. फोनाफोनी करून त्याने सगळी रांग बाजूला काढायला लावली. लोडर तयार, क्रशर मोकळा, रस्ता मोकळा. डंपर कधी पळाला नसेल असा पळाला. पण दगड भरायला लागायची ती पाच मिनिटं लागलीच. रिकामं व्हायला दोन मिनिटं लागलीच. तासाभराने बाईंनी किलोमीटर वाचले.

"अकरा," त्या म्हणाल्या.

"बघा!" मुकादम ओरडला. "आठ नाहीत!"

"अठराही नाहीत." बाईंनी फाईलच्या कोपऱ्यावर भागाकार केला. "चौदा हजार चारशे भागिले अकरा. तेराशेच्या वर. पट्टा हजाराचा. आणि हे तुम्ही रस्ता झाडून दिल्यावर." मग त्या मिस्त्रीकडे वळल्या. "तुमच्या आठने किती होतात?"

"अठराशे."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"मग दर आठवड्याच्या कागदावर ही सही कुणाची?"

मिस्त्रीने खुर्चीतल्या पैलवानाकडे बघितलं. मग सरळ बाईंकडे.

"माझी."

मुकादम त्याच्या अंगावर धावला. त्याने मिस्त्रीची मान धरली आणि डोकं डंपरच्या चाकावर आपटलं. एकदा, दोनदा. पोलीस मध्ये पडला. गंमत म्हणजे, ज्यांनी पैलवानाला फावड्यांनी झोडपलं होतं तीच माणसं आता मुकादमाला झोडपायला निघाली. बाई दोन्ही हात पसरून मध्ये उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "एक चूक पुरे झाली नाही का?" तेव्हा कुठे फावडी खाली आली.

मुकादम तुरुंगात गेला. मिस्त्रीलाही सहा महिन्यांची शिक्षा झाली, आणि कामाचं प्रमाणपत्र गेलं. मालकाने खाणीची पाटी रंगवून नाव बदललं. डोंगर तोच.

मिस्त्री आत जायच्या आधी एकदा पैलवान त्याच्या खोलीवर आला होता. मी तेव्हा तिथे नव्हतो; बहिणीने नंतर चौकशीच्या बाईंना कचेरीत सांगितलं, ते मी ऐकलं. पैलवान जिन्यात थांबून थांबून चढला. दारात बहीण उभी होती.

"चल," तो म्हणाला. "घरी चल. झालं गेलं."

"नाही."

"तूच बोललीस ना माझ्या बाजूने? भावाला तूच तयार केलंस ना?"

"ते खोटं होतं, म्हणून बोलले," ती म्हणाली. "माझं मनगट मोडलंत, ते खरं होतं."

त्याचा हात वर गेला. सवयीने गेला असेल. मिस्त्री खाटेवरून उठला, मोडक्या हाताने काय करणार होता कोण जाणे. ती जागची हलली नाही, डोळेही मिटले नाहीत. पैलवानाने तो हात जिन्याच्या भिंतीवर मारला. गिलावा पडला. तो पांढऱ्या झालेल्या मुठीकडे बघत उभा राहिला, आणि मग एकेक पायरी धरत खाली उतरला.

आता मी चौकशीच्या कचेरीत, एका कपाटात असतो. गळ्यात पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर क्रमांक. गेल्या महिन्यात तोलकाकांच्या बायको आल्या होत्या. काकांचा डबा आणि चष्मा परत न्यायला. बाईंनी कपाट उघडलं तेव्हा त्यांची नजर माझ्यावर पडली.

"हे काय?"

"तास मोजायचं यंत्र. त्याच गाडीचं."

त्यांनी मला हातात घेतलं. हात खरखरीत होते आणि गार.

"किती तास जास्त झाले होते त्या पट्ट्याचे?"

बाई म्हणाल्या, "आठशे."

"आठशे," काकू म्हणाल्या. बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या आणि मध्येच सोडून दिलं. "म्हणजे महिना-दीड महिना. तेवढे दिवस मी रोज डबा भरून देत होते, आणि हे रोज त्या उताराखाली बसून जेवत होते. कुणालाच वाटलं नाही हो, यांना एकदा सांगावं की काका, खुर्ची जरा पलीकडे घ्या?"

बाईंनी काकांचा चष्मा पुसून डब्यावर ठेवला. आठवा, वर्षानुवर्षं मी तेच तर टोचून बोलायचो शेजाऱ्याला, की तुला अर्धं दिसत नाही. मला तरी कुठे दिसलं? पट्टा दिसला, पंप दिसला, तास दिसले. उताराखालची खुर्ची माझ्या कुठल्याच आकड्यात नव्हती.

एवढीच विनवणी आहे. तुमच्यापैकी कुणाच्या हातात असा कागद असेल, ज्यावर कधीही न मोजलेला आकडा भागाकारात बसवलेला आहे, तर सही करायच्या आधी तासभर त्या गाडीत जाऊन बसा. ती उभी असेल तेव्हाही बसून राहा. आणि उतरल्यावर, उताराच्या पायथ्याशी कोण बसतं, तेवढं बघून या.

काकूंनी मला परत ठेवलं, डबा पदराखाली घेतला आणि निघाल्या. बाईंनी कपाट लावून घेतलं.